विजयी संघ कसा उभा राहतो? : कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे उदाहरण

खेळात हारजीत व्हायचीच, असे आपण मुलांना सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एखाद्या संस्थेच्या वाट्याला वर्षानुवर्षे हारच येत राहिली, खेळणाऱ्यांना, शिकविणाऱ्यांना आणि सबंध गावाला तिची सवय होऊन गेली, तर त्या संस्थेने काय करावे? खेळ बंद करावा, की तो नव्याने उभारावा? आणि उभारायचा म्हटले तर त्याला काय काय लागते? अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एका विद्यापीठापुढे १९८८ साली हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या विद्यापीठाने तो कसा सोडविला, त्यासाठी कोणती किंमत मोजली आणि त्यातला कोणता भाग सर्वांत अवघड ठरला, हे या लेखात थोडक्यात सांगावयाचे आहे. ज्यांना खेळाची विशेष आवड नाही, पण ज्यांनी कधी एखादी शाळा, वाचनालय वा तालीम चालविण्यास हातभार लावला आहे, त्यांनाही त्यात विचार करण्याजोगे पुष्कळ सापडेल.

हा फुटबॉल निराळा

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. गोवा, कोल्हापूर, हैदराबाद या बाजूंच्या वाचकांना फुटबॉल म्हणजे पायाने खेळावयाचा खेळ हे सांगणे नलगे. हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिकवणीखाली भारतीय संघ १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला आणि १९६२ साली त्याने आशियाई सुवर्णपदक जिंकले, हे जुन्या मंडळींच्या स्मरणात असेल. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ मात्र मुख्यत्वे हाताने खेळतात. चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. दोन गोलरेषांमध्ये १०० यार्ड अंतर असते. एका वेळी दोन्ही बाजूंचे ११-११ गडी मैदानात उतरतात. ज्या बाजूकडे चेंडू असेल तिने ४ प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावयाचे. तेवढे साधले की पुन्हा ४ प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाची गोलरेषा ओलांडली म्हणजे ६ गुण.

यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, चढाई करणारे ११ गडी निराळे, बचाव करणारे ११ निराळे आणि चेंडू लाथाडण्याच्या प्रसंगी उतरणारे बरेचसे आणखी निराळे असतात. शिवाय खेळ अंगावर धडका घेण्याचा असल्यामुळे जायबंदी होणाऱ्यांच्या जागी दुसरे तयार ठेवावे लागतात. म्हणून विद्यापीठाचा एक संघ म्हणजे शंभराच्या आसपास तरुणांचा तांडा असतो. एकदोन असामान्य खेळाडूंच्या जोरावर तो जिंकू शकत नाही. आणि एवढी सगळी तयारी करून वर्षाकाठी सामने होतात ते डझनभरच, शरद ऋतूत, साधारण आठवड्याला एक. एक सामना हरला तर त्याची सल वर्षभर राहते.

तेथील कॉलेजच्या फुटबॉलला आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे माप लावून चालणार नाही. मोठ्या विद्यापीठांच्या मैदानांवर एकेका सामन्याला पन्नास हजार ते एक लाख माणूस जमते. १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणाचे करार करण्यास विद्यापीठे व त्यांचे गट मोकळे झाले, तेव्हापासून या खेळातला पैसा झपाट्याने वाढला. अनेक मोठ्या विद्यापीठांत इतर खेळांचा खर्चही फुटबॉलच्या उत्पन्नातून भागतो. आपापसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांस तेथे कॉन्फरन्स म्हणतात. चांगल्या गटात स्थान असणे म्हणजे उत्पन्न व प्रतिष्ठा दोन्ही. ते गेले की दोन्ही गेले.

पाचशे पराभव

कॅन्सस स्टेट विद्यापीठ १८६३ साली मॅनहॅटन या लहानशा गावी स्थापन झाले. गावाचे नाव न्यूयॉर्कमधील प्रसिद्ध बेटाचे असले, तरी हा मुलूख गव्हाच्या शेतीचा व गुराढोरांचा. शेतकी व यांत्रिकी शिक्षणासाठी सरकारी जमिनीच्या आधारावर ज्या संस्था अमेरिकेत निघाल्या त्यांपैकी ही एक. विद्येच्या बाबतीत तिचे नाव चांगले होते. फुटबॉलच्या बाबतीत मात्र तिची दशा केविलवाणी होती. गटाचे विजेतेपद तिला १९३४ साली मिळाले होते, त्यानंतर नाही. हंगामाच्या अखेरीस नामवंत संघांना निमंत्रण देऊन जे मानाचे सामने भरविले जातात त्यांस बाऊल म्हणतात. असे निमंत्रण तिला प्रथम १९८२ साली आले आणि तो सामनाही ती हरली. १९८६ च्या ऑक्टोबरनंतर १९८८ चा हंगाम संपेपर्यंत तिला एकही विजय मिळाला नाही. वरच्या श्रेणीत ५०० पराभव पुरे करणारे हे पहिलेच विद्यापीठ. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये एका सुप्रसिद्ध क्रीडासाप्ताहिकाने तिच्यावर भला मोठा लेख छापून देशभर तिची शोभा केली.

हे असे का झाले, याचे उत्तर खेळाडूंच्या आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. १९९० च्या शिरगणतीत कॅन्सस राज्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती, तर टेक्सासची सुमारे १ कोटी ७० लाख. त्या २५ लाखांतील चांगल्या मुलांवर लॉरेन्स येथील कॅन्सस विद्यापीठाचाही डोळा असे. गटातील इतर विद्यापीठांत ओक्लाहोमा, नेब्रास्का व कोलोरॅडो यांच्यासारखे बलाढ्य संघ होते. ओक्लाहोमा १९८५ साली राष्ट्रीय विजेता ठरला. कोलोरॅडोस तो मान १९९० साली मिळाला. नेब्रास्काने १९९४, १९९५ व १९९७ साली तो पटकावला. अशा शेजाऱ्यांशी दरवर्षी गाठ.

त्यातून एक चक्र तयार झाले होते. संघ हरतो म्हणून प्रेक्षक येत नाहीत. प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही. पैसा नाही म्हणून सरावाच्या सोयी नाहीत. सोयी नाहीत म्हणून चांगला मुलगा दुसरीकडे जातो. आणि म्हणून संघ पुन्हा हरतो. या चक्राला कोठे तरी हात घालून ते उलटे फिरवावयाचे, हेच खरे काम. १९८६ साली विद्यापीठाचे अध्यक्ष म्हणून आलेल्या जॉन वेफल्ड यांनी हिशेब नेमका ओळखला होता. फुटबॉल असाच बुडत राहिला तर गटातील स्थान जाईल, आणि त्याची झळ सबंध विद्यापीठास लागेल, असे त्यांचे मत होते. तेव्हा डागडुजी न करता नवा पाया घालावयाचा असे ठरले.

एक शिक्षक येतो

१९८८ च्या नोव्हेंबरमध्ये बिल स्नायडर या गृहस्थांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांचे वय तेव्हा ४९ होते. कोणत्याही मोठ्या विद्यापीठाचा संघ त्यांनी स्वतंत्रपणे पूर्वी सांभाळला नव्हता. उमेदीच्या काळात त्यांनी शाळेत शिकविले होते, शाळेतल्या मुलांचे संघ तयार केले होते. पुढे १९७९ पासून ते आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय या नामांकित प्रशिक्षकाचे साहाय्यक होते. आयोवाचा संघही दीर्घकाळ पडला होता. १९६१ नंतर त्याने एकाही हंगामात पराभवांहून अधिक विजय मिळविले नव्हते. तो संघ १९८१ च्या हंगामात रोझ बाऊलपर्यंत पोहोचला. तेव्हा पडलेले घर कसे बांधतात हे स्नायडर यांनी पाहिले होते, त्यात विटा वाहिल्या होत्या. नेमणूक करणाऱ्यांनी गाजलेल्या नावापेक्षा या अनुभवाला किंमत दिली.

पहिली अडचण होती मनाची. सतत हरणारा मुलगा मैदानात उतरतानाच हरलेला असतो. वर्गात वारंवार नापास होणाऱ्या मुलाचा अनुभव असलेल्या शिक्षकास हे निराळे सांगावयास नको. अशा मुलाला ‘तू पहिला ये’ म्हणून सांगण्यात अर्थ नसतो. त्याला कालच्यापेक्षा आज थोडे बरे करावयास लावावे लागते, आणि ते बरे झाल्याचे त्याच्या नजरेस आणून द्यावे लागते. स्नायडर यांनी नेमके हेच धोरण ठेवले. त्यांनी १६ उद्दिष्टे ठरवून दिली. त्यांत बांधिलकी, निःस्वार्थीपणा, एकजूट, स्वयंशिस्त, चुका टाळणे, सातत्य, जबाबदारी अशा गोष्टी होत्या. अमुक इतके सामने जिंकावयाचे असे त्यांत काही नव्हते. संघाचा पोशाख बदलला, नवे बोधचिन्ह आले. या गोष्टी वरवरच्या वाटतात. पण जुन्या पोशाखाबरोबर जुनी ओळख उतरवून ठेवावयाची असा त्यामागे हेतू होता.

१९८९ चा पहिला हंगाम संपला तेव्हा खाती १ विजय व १० पराभव होते. परंतु तो एक विजय महत्त्वाचा. ३० सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्थ टेक्सासविरुद्धच्या सामन्यात अगदी शेवटच्या डावावर चेंडू गोलरेषेपलीकडे झेलला गेला आणि संघ २० विरुद्ध १७ गुणांनी जिंकला. सुमारे तीन वर्षांतला तो पहिला विजय. पुढच्या वर्षी ५ विजय, १९९१ साली ७, १९९२ साली पुन्हा घसरून ५, आणि १९९३ साली ९. त्या वर्षी संघाने वायोमिंगला ५२ विरुद्ध १७ असे हरवून आपला पहिला बाऊल सामना जिंकला.

हे आकडे वाचकांनी जरा सावकाश पाहावेत. पाचव्या वर्षी फळ आले, आणि चौथ्या वर्षी तर पाऊल मागे पडले होते. चौथ्या वर्षी धीर सोडून विद्यापीठाने माणूस बदलला असता, तर पाचवे वर्ष आलेच नसते. विजयी संघांच्या कथांत प्रशिक्षकाचे नाव गाजते. परंतु मागे पडलेल्या वर्षी त्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्या कारभाऱ्यांचे श्रेय कोठे फारसे लिहिले जात नाही.

मुले कोठून आणावयाची?

दुसरी अडचण मुलांची. तेथील मोठी विद्यापीठे शाळेतूनच मुले हेरतात व शिष्यवृत्ती देऊन घेऊन जातात. ज्याच्याकडे नाव व पैसा त्याच्याकडे उत्तम मुलांचा ओढा. १९७० च्या दशकात नियामक मंडळाने फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांवर मर्यादा घातली. ती उतरत उतरत १९९४ साली ८५ वर आली व पुढे तीन दशके तेथेच राहिली. या मर्यादेचा लहान विद्यापीठांना फायदा झाला, कारण श्रीमंत विद्यापीठांना शेकड्यांनी मुले अडवून ठेवता येईनात. तरी पहिल्या पंक्तीची मुले कॅन्सस स्टेटकडे येत नसतच.

स्नायडर यांनी दोन वाटा धरल्या. पहिली, दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांची. ही आपल्याकडील अकरावी-बारावीसारखी नसून शाळेनंतरची असतात. गुणांत वा शिस्तीत काही उणे पडल्यामुळे मागे राहिलेली, पण दोन वर्षांनी जाणती झालेली मुले तेथे मिळत. मायकेल बिशप हा टेक्सासमधील ब्लिन कॉलेजातून असाच आला आणि १९९८ साली देशातील सर्वोत्तम खेळाडूच्या हाइझमन पारितोषिकासाठी दुसऱ्या क्रमांकावर राहिला. या वाटेत धोका असा की, मूल दोनच वर्षे लाभते. पुन्हा नवे शोधावे लागते.

दुसरी वाट घरच्या मुलांची. शिष्यवृत्ती नसताना, स्वतःच्या खर्चाने, केवळ संधी मागत येणाऱ्या मुलांस तेथे वॉक-ऑन म्हणतात. अशा मुलांकडे स्नायडर यांनी मनापासून लक्ष दिले. जॉर्डी नेल्सन हा जवळच्याच भागातील शेतकरी घरातला मुलगा असाच दाखल झाला. तो पुढे व्यावसायिक खेळाडू झाला आणि २०११ साली ग्रीन बे संघाकडून सुपर बाऊल जिंकणाऱ्यांत होता. अंगणातला मुलगा आपणास दिसत नाही, आणि परगावाहून आणलेला मात्र डोळ्यांत भरतो, ही खोड केवळ फुटबॉलवाल्यांची नाही.

तिसरी अडचण वेळाची. सतराअठरा वर्षांचा मुलगा आला की लगेच बावीस वर्षांच्या पिळदार गड्यासमोर उभा करता येत नाही. म्हणून त्यास एक वर्ष सामन्यांबाहेर ठेवून शरीर व समज तयार करून घेण्याची पद्धत आहे; चार हंगाम खेळण्यासाठी त्याला पाच वर्षे मिळतात. परंतु हरणाऱ्या संघाला माणसांची आजच निकड असते. आजच्या सामन्यासाठी कच्चा मुलगा वापरावा, की उद्यासाठी राखून आज हार पत्करावी, हा पेच प्रत्येक आठवड्याला पडतो.

सहकारी, पैसा आणि सामन्यांची निवड

एवढ्या मोठ्या संघाला एक प्रशिक्षक पुरत नाही. प्रत्येक स्थानासाठी निराळा शिक्षक असतो. स्नायडर यांनी तरुण साहाय्यक निवडले आणि त्यांना घडविले. पण संघ जिंकू लागला की अशा साहाय्यकांना बाहेरून बोलावणी येतात. बॉब स्टूप्स १९९५ च्या हंगामानंतर गेले. त्यांनी पुढे ओक्लाहोमा विद्यापीठाला २००० सालचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. जिम लेव्हिट यांनी साउथ फ्लॉरिडा विद्यापीठात संघ शून्यातून उभारला. चांगला शिक्षक तयार करावा आणि तो मोठ्या शाळेने न्यावा, हे लहान शाळांचे नशीबच आहे. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे तयार करणे न थांबविणे.

पैसा लागलाच. सराव इमारती झाल्या, प्रेक्षागृह वाढले, १९९९ पर्यंत त्याची क्षमता सुमारे ५०,००० झाली. येथे १९७२ च्या एका कायद्याचाही उल्लेख केला पाहिजे. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी स्त्री-पुरुषांत भेद करू नये, असा तो कायदा आहे. फुटबॉलमध्ये मुलांच्या ८५ शिष्यवृत्त्या जात. तेव्हा मुलींच्या खेळांसाठीही त्या प्रमाणात सोय करणे विद्यापीठांस भाग पडले. यामुळे फुटबॉलच्या खर्चाचा विचार एकट्या फुटबॉलपुरता करता येत नाही, आणि ते योग्यच झाले.

सामने कोणाशी ठेवावयाचे हाही एक प्रश्न असतो. गटाबाहेरचे काही सामने विद्यापीठे स्वतः ठरवितात. स्नायडर यांनी सुरुवातीचे सामने बेताच्या संघांशी ठेवले, जेणेकरून मुलांना जिंकण्याची चव कळावी. टीकाकार त्यावर बरेच तुटून पडले. मला वाटते, पहिल्या वर्षांत ते धोरण बरोबर होते. गणितात मागे पडलेल्या मुलाला आपण प्रथम सुटणारी उदाहरणेच देतो. पण सवय लागल्यावर अवघड उदाहरणे द्यावी लागतात, नाही तर प्रगतिपुस्तकावर इतरांचा विश्वास बसत नाही.

झटपट विजयाचा मोह

इतकी वर्षे थांबण्यापेक्षा पैसे टाकून तयार मुले आणली तर? हा मोह काल्पनिक नाही. टेक्सासमधील डलास शहरातील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या संघाने १९८१ ते १९८४ या चार हंगामांत ४१ सामने जिंकले आणि केवळ ५ गमावले. पुढे उघडकीस आले की, धनिक पाठीराख्यांच्या पैशांतून खेळाडूंना नियमबाह्य रकमा दिल्या जात होत्या, आणि पकडले गेल्यानंतरही ते देणे चालूच होते. १९८५-८६ या एका वर्षात १३ खेळाडूंना मिळून ६१,००० डॉलर दिले गेले होते. विद्यापीठाच्या कारभारी मंडळावर राहिलेल्या आणि नंतर टेक्सासचे गव्हर्नर झालेल्या बिल क्लेमेंट्स यांनी १९८७ च्या मार्चमध्ये कबूल केले की, ही देणी चालू ठेवण्याच्या निर्णयात आपणही होतो. नियामक मंडळाने १९८७ चा हंगामच रद्द केला. १९८८ चा विद्यापीठाने आपणहून रद्द केला. त्यानंतर त्या संघाला बाऊलचे पुढचे निमंत्रण मिळावयास २००९ साल उजाडावे लागले.

कॅन्सस स्टेट उभे राहण्यास पाच वर्षे लागली. सदर्न मेथडिस्टला पडल्यावर सावरावयास वीस लागली. या दोन आकड्यांत पुष्कळ काही आले. दोष तेथील मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांचा अधिक होता, हेही विसरता कामा नये.

विजयाच्या दिवसांतील अडचणी

१९९३ ते २००३ ही सलग ११ वर्षे कॅन्सस स्टेटला बाऊलचे निमंत्रण आले. १९९७ ते २००० या चारही हंगामांत संघाने ११-११ सामने जिंकले. १९९८ च्या १४ नोव्हेंबरला त्याने नेब्रास्काला ४० विरुद्ध ३० असे हरविले. त्यापूर्वी लागोपाठ २९ वर्षे नेब्रास्काकडून हार खावी लागली होती. त्या वर्षीचे अकराही साखळी सामने जिंकून संघ गटाच्या अंतिम सामन्यात उतरला. तो जिंकला असता तर राष्ट्रीय अंतिम सामना दृष्टिपथात होता. शेवटच्या पावखेळात १५ गुणांची आघाडी असूनही टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने ती भरून काढली आणि दुसऱ्या जादा वेळात ३६ विरुद्ध ३३ असा सामना नेला. त्यावर कडी म्हणजे देशात तिसऱ्या क्रमांकावर असूनही संघाला मोठ्या मानाच्या बाऊलचे निमंत्रण आले नाही. गाव लहान, नाव नवे. जुन्या घराण्यांच्या पंक्तीत नव्याला पाट सहजासहजी मिळत नाही.

तरी २००३ साली दिवस उगवला. गटाच्या अंतिम सामन्यात ओक्लाहोमाचा संघ अजिंक्य व देशात पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्याचे प्रशिक्षक होते स्नायडर यांच्याच हाताखाली तयार झालेले बॉब स्टूप्स. कॅन्सस स्टेटने तो सामना ३५ विरुद्ध ७ असा जिंकला. १९३४ नंतरचे गटाचे ते पहिलेच विजेतेपद.

त्याच्यामागे काय?

आता सर्वांत अवघड प्रश्न. २००४ व २००५ ही वर्षे घसरणीची गेली आणि स्नायडर निवृत्त झाले. प्रेक्षागृहाला त्यांच्या कुटुंबाचे नाव देण्यात आले. नवे प्रशिक्षक आले. त्यांच्या तीन हंगामांत १७ विजय व २० पराभव झाले. विद्यापीठाने २००९ साली, वयाच्या ६९ व्या वर्षी, स्नायडर यांनाच परत बोलाविले. त्यांनी २०१२ साली पुन्हा गटाचे विजेतेपद मिळवून दिले आणि २०१८ च्या हंगामानंतर कायमची निवृत्ती घेतली. एकंदर २७ हंगामांत २१५ विजय, ११७ पराभव व १ बरोबरी. त्यांच्यापूर्वी ९० हून अधिक वर्षांत त्या विद्यापीठाला जेमतेम ३०० विजय मिळाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे कामाचे माप कळते.

परंतु एका माणसाला दोनदा बोलवावे लागते, याचा अर्थ पहिल्या खेपेस इमारत उभी राहिली तरी तिचा भार एकाच खांबावर होता. स्नायडर यांचे काम करण्याचे तास लोकांना थक्क करणारे होते. दिवसातून एकच वेळ जेवून ते रात्री उशिरापर्यंत कामात असत. घरच्यांना आपण द्यावा तेवढा वेळ दिला नाही, ही खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखविली आहे. असा एक माणूस मिळणे हे संस्थेचे भाग्य. पण तसाच दुसरा मिळेल या भरवशावर राहणे शहाणपणाचे नव्हे. दुसऱ्या खेपेस मात्र विद्यापीठाने वारसाची निवड विचाराने केली. २०१९ साली क्रिस क्लाइमन हे प्रशिक्षक झाले. लहान विद्यापीठांच्या श्रेणीत नॉर्थ डकोटा स्टेटला अनेक विजेतेपदे मिळवून देऊन ते आले होते. २०२२ साली त्यांनी गटाचे विजेतेपद मिळविले. संस्थापकाच्या पश्चात मिळालेले ते विजेतेपद, माझ्या मते, २००३ च्या विजेतेपदाइतकेच मोलाचे आहे. त्या दिवशी ती इमारत खऱ्या अर्थाने स्वतःच्या पायावर उभी राहिली.

बदललेले नियम

अलीकडे या खेळाचे नियम फार बदलले आहेत. पूर्वी एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे गेलेल्या खेळाडूला बहुधा एक वर्ष बाहेर बसावे लागे. २०२१ पासून त्याला एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, अभ्यासात समाधानकारक असल्यास, लगेच खेळता येते. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाच्या जाहिरातींतून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांनाच आपल्या खेळाडूंना पहिल्या वर्षी एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा मिळाली. जे पूर्वी चोरून होई ते आता उघड व हिशेबाने होते, हे बरेच झाले. मुलांच्या घामावर इतरांनी श्रीमंत व्हावे आणि मुलांनी रिकाम्या हाती राहावे, हे न्यायाचे नव्हते.

यामुळे उभारणीचा वेगही बदलला. इंडियाना विद्यापीठ पराभवांच्या यादीत अनेक वर्षे अग्रभागी होते. कर्ट सिग्नेटी तेथे आले; पूर्वीच्या विद्यापीठातील अनेक खेळाडूही त्यांच्याबरोबर आले. पहिल्याच २०२४ च्या हंगामात ११ विजय झाले आणि २०२५ च्या हंगामात सर्वच्या सर्व १६ सामने जिंकून संघ राष्ट्रीय विजेता ठरला. पाच वर्षांचे काम दोन वर्षांत झाले. पण जे सहज येते ते सहज जाऊही शकते; मुलगा दरवर्षी दुसरीकडे जाण्यास मोकळा असताना त्याला थांबावेसे वाटेल असे काही संस्थेत असणे पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीचे झाले आहे.

मुळात हवा आहे काय?

शेवटी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रत्येक विद्यापीठाने विजयाचा असा ध्यास घ्यावा काय? शिकागो विद्यापीठ एकेकाळी फुटबॉलमध्ये अग्रेसर होते. १९३५ साली ते पारितोषिक, जे पुढे हाइझमन म्हणून ओळखले गेले, प्रथम तेथीलच विद्यार्थ्याला मिळाले. तरी अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ साली संघच बंद केला. विद्येचे घर करमणुकीवर चालावे हे त्यांना मान्य नव्हते. त्या ओस पडलेल्या मैदानाच्या सज्जाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित अणुशृंखलाक्रिया घडली. पुढे १९६९ साली तेथे फुटबॉल परत आला, पण लहान प्रमाणावर, खेळापुरता. शिवाय या खेळात डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदूला इजा पोहोचते हे आता सिद्ध झाले आहे. कोणत्याही आईबापांनी त्याचा विचार करावयासच हवा. शिकागोचा मार्गही आदराचा आहे. फक्त तो ठरवून घेतलेला असावा; चालवावयाचे म्हणायचे आणि अर्धवट चालवायचे, यात मुलांची वर्षे फुकट जातात.

कॅन्सस स्टेटने चालवावयाचे ठरविले. मग योग्य माणूस निवडला, वाईट वर्षात त्याचा हात सोडला नाही, घरच्या मुलांना संधी दिली, आखूड वाट घेतली नाही, आणि उशिरा का होईना, संस्थापकाच्या मागे काम चालेल अशी तजवीज केली. आपल्या गावोगावच्या संस्थांना फुटबॉलचे मैदान नसेल. पण वाईट वर्ष प्रत्येकीच्या वाट्याला येते, आणि ज्येष्ठ मंडळींनी किल्ल्या कोणाच्या हाती द्यावयाच्या हा प्रश्नही प्रत्येकीपुढे येतो. तो प्रश्न ज्येष्ठ मंडळी धडधाकट असतानाच हाती घ्यावा, एवढे तरी मॅनहॅटन गावच्या या कथेवरून शिकण्यासारखे आहे.